रुमाल सोडण्यापूर्वी

घराण्याचे दप्तर म्हणजे एखाद्या कुटुंबात रोजच्या व्यवहाराच्या ओघात पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेले कागद होत. संग्राहकाने हौसेने जमवलेल्या वस्तूंमागे निवड असते, दप्तरामागे ती नसते, आणि दप्तराचे बहुतेक मोल याच निवड नसण्यात आहे. वतनदार किंवा इनामदार घराण्यात सनदा, खतपत्रे, गहाणखते, जमाखर्चाच्या वह्या आणि महजर (गावच्या किंवा परगण्याच्या सभेने वादाचा निवाडा करून हजर असलेल्यांच्या साक्षीनिशी दिलेला लेख) हे सारे कापडी रुमालात बांधून ठेवलेले असे. जमीनदारी नसलेल्या कुटुंबात हेच काम माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीने केले. त्या पेटीत शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डे, पोस्टकार्डे, मनिऑर्डरची कूपने, जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या, आहेराच्या वह्या आणि स्टुडिओत काढलेले फोटो सापडतात. इतिहासाच्या अभ्यासकाला यांपैकी कोणता संग्रह अधिक उपयोगी पडेल, हे दप्तर उघडण्याआधी सांगता येत नाही.

हे कागद टिकले ते मुख्यतः पुरावा म्हणून. पेशवाईच्या अखेरीनंतर मुंबई इलाख्यात सरकारने करमुक्त जमिनींच्या हक्कांची चौकशी आरंभली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला त्यासाठी अधिकार दिले, तेव्हा ज्याच्यापाशी सनद नव्हती त्याचे इनाम धोक्यात आले. त्या चौकशीची धास्ती पुढे कितीतरी वर्षे घराघरांत राहिली. कागद दागिन्यांइतक्याच बंदोबस्तात कुलुपाखाली गेले, आणि परक्या माणसाला दप्तर दाखवणे म्हणजे हक्क गमावण्याची सुरुवात, असा समज पक्का झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इतिहाससंशोधक गावोगावी दप्तरे पाहण्यासाठी फिरू लागले तेव्हा दारातच त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

पुराव्याची ही गरज केवळ इनामदारांपुरती कधीच नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील कापड गिरण्यांचे हजारो कामगार देशोधडीला लागले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे देण्याची योजना आली तेव्हा कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांत गिरणीचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती, राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड, हजेरीचा तिकीट नंबर लिहिलेला एखादा चिटोरा यांचा शोध सुरू झाला. ज्या घरांनी हे कागद रद्दीत घातले होते, त्यांना आपल्याच वडिलांची नोकरी सिद्ध करणे जड गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा असाच प्रकार आणखी मोठ्या प्रमाणावर घडला. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद असलेले आणि लोकांच्या तोंडी 'कोतवाल बुक' म्हणून ओळखले जाणारे रजिस्टर, शिवाय शाळांचे जुने प्रवेश रजिस्टर आणि मोडी या जुन्या लिपीतली खतपत्रे तपासली जाऊ लागली, आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कागद लिहिणाऱ्याच्या मनात यांतला कोणताही उपयोग नव्हता. उद्या एखाद्या कागदाला कोणता प्रश्न विचारला जाईल हे आज ठरवता येत नाही, आणि घरच्या दप्तराचे जतन याच एका गोष्टीपासून सुरू व्हायला हवे.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे एकंदर बावीस खंड झाले. या खंडांत राजकारणाच्या पत्रांबरोबर धर्मकृत्यांचे, देण्याघेण्याचे, वतनाच्या भांडणांचे कागदही आले, कारण क्षुल्लक वाटणारा चिटोराही साधन असू शकतो असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन झाल्यावर धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. यामुळे शेकडो घरांतले कागद जाळण्यापासून, विहिरीत टाकण्यापासून आणि वाळवीपासून वाचले. तरीही त्या पिढीच्या कामाला एक मर्यादा होती. छापण्याजोगे पत्र दप्तरातून उचलले गेले की त्याच्या शेजारचे न छापलेले कागद पुष्कळदा विखुरले, आणि छापील पत्र ज्या संदर्भात होते तो संदर्भ नाहीसा झाला. आज घरी काम करणाऱ्याने राजवाड्यांचा आग्रह जरूर घ्यावा, पण त्या काळची घाई टाळावी.

निवड न करण्याचा अर्थ समजण्यासाठी लग्नातल्या आहेराच्या वहीचे उदाहरण पुरेसे आहे. या वहीत आहेर आणणाऱ्याचे नाव, गाव आणि वस्तू किंवा रक्कम लिहिलेली असते, आणि ती लिहिण्याचा हेतू व्यावहारिक असतो. उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की तितकाच किंवा त्याहून थोडा अधिक आहेर करायचा. पन्नास-साठ वर्षांनी तीच वही त्या कुटुंबाच्या नात्यांचा नकाशा होते. कोणत्या गावांशी सोयरीक होती, कोणत्या जातीच्या शेजाऱ्यांनी आहेर केला, भांड्यांच्या जागी पाकिटातल्या नोटा कधी आल्या, पितळेचे तांबे कधी स्टीलचे झाले, हे सारे तिच्यात वाचता येते. पुरुषांच्या नावांनी भरलेल्या कुलवृत्तांतांत, म्हणजे एकाच आडनावाच्या घराण्यांच्या छापील वंशावळींत, सासरी गेलेल्या मुलींचा उल्लेख एखाद्या ओळीत संपतो. त्याच मुली आहेराच्या वहीत, रुखवताच्या यादीत, वाणसामानाच्या हिशेबात आणि शाईने भरलेल्या ओव्यांच्या वह्यांत पुन्हा भेटतात. मनिऑर्डरच्या कूपनाचेही तसेच आहे. पैशांसोबत चार ओळींचा मजकूर लिहिण्याची सोय त्या लहानशा तुकड्यावर होती, आणि मुंबईच्या चाळीतून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरी गेलेला बराचसा पत्रव्यवहार त्या चार ओळींतच झाला. सनद जपून ठेवून कूपने फेकून देणारे कुटुंब स्वतःच्या इतिहासाचा मोठा भाग फेकून देत असते.

निवडीइतकेच नुकसान कागद नव्याने लावण्याने होते. उत्साहाच्या भरात रुमाल सोडला जातो, कागद गादीवर पसरले जातात आणि विषयवार किंवा तारीखवार ढीग लावले जातात. हे काम नेटके दिसते, पण त्याने एक पुरावा कायमचा नष्ट होतो. अभिलेखशास्त्रात, म्हणजे कागदपत्रांच्या जतनाच्या शास्त्रात, 'मूळ क्रम' हे तत्त्व पायाभूत मानले जाते. ज्या क्रमाने आणि ज्या गठ्ठ्यात कागद ठेवणाऱ्याने ठेवला, तो क्रम स्वतःच माहिती देत असतो. तारीख नसलेले एखादे पत्र दोन तारखांच्या पावत्यांमध्ये सापडले तर त्याच्या काळाचा अंदाज बांधता येतो, आणि दत्तकपत्राच्या घडीत ठेवलेला निनावी फोटो बहुधा त्या दत्तक मुलाचा असतो. म्हणून गठ्ठा सोडण्यापूर्वी तो जसा आहे तसा टिपावा. दोरीची गाठ, रुमालावरचा मजकूर, वरच्या कागदाची बाजू यांचे फोटो घ्यावेत, आणि मग कागद एकेक करून उचलताना प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ शिशाच्या पेन्सिलीने गठ्ठ्याचा आणि कागदाचा अनुक्रमांक लिहावा. बॉलपेन, मार्कर आणि चिकट लेबले यांना येथे थारा नसावा. तारीखवार यादी हवी असेल तर ती संगणकावर हवी तितक्या प्रकारे लावता येते, आणि कागदांना जागचे हलवण्याची गरज पडत नाही.

यानंतरचा प्रश्न कागदाच्या प्रकृतीचा. येथे सामान्य समजुतीच्या उलट गोष्ट आढळते. सतराव्या-अठराव्या शतकातील कागद पुष्कळदा विसाव्या शतकातील कागदापेक्षा अधिक सुस्थितीत असतो. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही हातकागदाची नामांकित ठिकाणे होती, आणि तिथला कागद चिंध्या व ताग-अंबाडीसारख्या धाग्यांच्या लगद्यापासून होई. या लगद्यात सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तीतल्या मुख्य द्रव्याचे, तंतू लांब असत आणि आम्लाचा अंश कमी असे. खळ लावून आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्याला लिहिण्याजोगा पृष्ठभाग दिला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा यंत्राने केलेला कागद सर्वत्र आला. त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य उरलेले असे, आणि शाई फुटू नये म्हणून राळ व तुरटी वापरली जाई. लिग्निन उजेडाने पिवळे पडते आणि तुरटीमुळे हळूहळू आम्ल तयार होते. हे आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत जाते, म्हणूनच १९४० च्या सुमाराचे कात्रण हातात घेताच तुकडे होते आणि पेशवाईतले पत्र मात्र सहज उलगडते. आम्ल एका कागदातून त्याला चिकटलेल्या दुसऱ्या कागदात उतरते, त्यामुळे वर्तमानपत्राची कात्रणे चांगल्या कागदांपासून वेगळी ठेवावीत. कोणता कागद कोठून काढला याची नोंद ठेवली की मूळ क्रमही बिघडत नाही.

शाईचे गणित आणखी वेगळे आहे. काजळ आणि डिंक घालून केलेली पारंपरिक शाई उजेडाने फिकी पडत नाही, कारण कार्बनवर प्रकाशाचा परिणाम होत नाही. परंतु डिंक पाण्यात विरघळतो आणि ओल लागली की अक्षरे पसरतात. इंग्रजी अमदानीतील निळी-काळी शाई मायफळ आणि हिराकस यांपासून, म्हणजे झाडावरच्या गाठींतले टॅनिन आणि लोहाचे सल्फेट यांच्या संयोगाने, होई. ती पाण्याला फारशी दाद देत नाही, पण तिच्यातले लोह आणि आम्ल कालांतराने कागद खातात, आणि जाड अक्षरांच्या जागी भोके पडतात. एका दप्तरात या दोन्ही शाया शेजारी शेजारी असतात, म्हणून सगळ्या कागदांना एकच उपाय लागू पडत नाही. डाग काढण्यासाठी पाणी लावणे तर कोणत्याही कागदाच्या बाबतीत वर्ज्यच मानावे.

महाराष्ट्राच्या हवामानात खरा शत्रू दमटपणा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या पुढे बराच काळ राहिली की बुरशीला अनुकूल परिस्थिती निर्माण होते, आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने याहून कितीतरी वर असते. कसर म्हणजे चंदेरी अंगाचा बिनपंखी किडा, आणि त्याला कागदाला लावलेली खळ व पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा डिंक आवडतो, तर वाळवी भिंतीतून वर चढून संपूर्ण गठ्ठा आतून पोखरते. म्हणून पेटी जमिनीला व बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीलगत ठेवू नये, आणि पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा सावलीत उघडून पाहावी. जुन्या माणसांची वेखंडाची पुरचुंडी आणि कडुनिंबाची वाळलेली पाने कीड काही प्रमाणात दूर ठेवतात. मात्र पाने थेट कागदावर ठेवली तर त्यांचे डाग उतरतात. डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसालाही बाधते, त्यामुळे राहत्या खोलीत त्या टाळाव्यात. रुमालाची पद्धत, म्हणजे धुतलेल्या सुती कापडात घट्ट बांधणे, हवामानाचा विचार करता चांगलीच म्हणायला हवी, कारण सुती कापड ओल शोषते आणि हवा खेळती ठेवते. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. आम्लरहित कागदाचे वेष्टण मिळाले तर ते रुमालाच्या आत घालावे.

घरगुती दुरुस्तीने झालेले नुकसान वाळवीच्या खालोखाल असते. पारदर्शक चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, मग पट्टी गळून पडते पण डाग राहतो. झेरॉक्सच्या दुकानात गरम रुळांतून काढून केलेले लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण वितळलेले प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरते आणि ते पुन्हा काढता येत नाही. जन्मपत्रिका किंवा सनद लॅमिनेट करून भिंतीवर लावणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पूर्वी अभिलेखागारांतही सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पातळ पापुद्र्याने लॅमिनेशन होत असे, आणि यंत्राची उष्णता टाळून अ‍ॅसिटोनच्या साहाय्याने हाताने ते करण्याची पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली होती. पण जो उपाय उलटवता येतो तोच करावा, या तत्त्वामुळे आता पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीची दुरुस्ती अधिक पसंत केली जाते. घरी तेही करू नये. फाटलेले तुकडे एका स्वच्छ वेष्टणात एकत्र ठेवणे हेच घरच्या पातळीवरचे पुरेसे काम होय.

फोटो आणि ध्वनिफिती यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. कृष्णधवल फोटोतील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते आणि योग्य धुलाई झालेली असेल तर ती शंभर वर्षेही टिकते. रंगीत फोटोतील प्रतिमा रंगद्रव्यांची असते, आणि १९७०-८० च्या दशकातील बहुतेक छपायांमध्ये निळसर-हिरवे रंगद्रव्य आधी उडाल्यामुळे लग्नाचे फोटो तांबूस दिसू लागतात. त्यामुळे डिजिटल प्रत करताना रंगीत फोटोंना कृष्णधवलपेक्षा आधी हात घालावा. चिकट पानांवर पारदर्शक पापुद्रा असलेले अल्बम फोटोंना चिकटून बसतात, तर काळ्या पानांचे, कोपरे लावलेले जुने अल्बम जसेच्या तसे ठेवावेत, कारण पानावरचा क्रम आणि खाली पांढऱ्या शाईने लिहिलेली नावे मूळ दप्तराचाच भाग असतात. निगेटिव्हच्या डब्यातून शिरक्याचा वास येत असेल तर अ‍ॅसिटेटची फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजावे आणि ती वेगळी काढून लवकर स्कॅन करावी. कॅसेटवर ध्वनिमुद्रित झालेले आजीचे आवाज, ओव्या आणि मुंजीतली मंगलाष्टके यांना कागदाइतका वेळ मिळत नाही. फितीवरचा चुंबकीय थर झिजतो, आणि त्याआधीच ती वाजवणारे यंत्र बाजारातून नाहीसे झालेले असते.

डिजिटल प्रत करणे म्हणजे कागदाचे चित्र संगणकाला समजेल अशा असंख्य बिंदूंत मोडणे. एका इंचात किती बिंदू नोंदले जातात त्याला डीपीआय म्हणतात. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला तर सुमारे २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे चित्र मिळते आणि पूर्ण रंगात, न दाबता साठवले तर ते साधारण २६ मेगाबाइट भरते. ६०० डीपीआयला तेच चौपट होते. मोडीच्या बारीक अक्षरांसाठी आणि शिक्क्यांसाठी ४०० ते ६०० डीपीआय योग्य. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला मात्र कागदाचा हिशेब लागू पडत नाही, कारण ३०० डीपीआयने तिचे चित्र जेमतेम ४२५ गुणिले २८३ बिंदूंचे होते, म्हणून तिथे ३००० किंवा अधिक डीपीआय लागतात. मूळ प्रत टिफ या स्वरूपात ठेवावी, कारण त्यात चित्राची माहिती न गमावता साठवता येते, आणि पाहण्या-पाठवण्यासाठी तिच्यावरून जेपीजी प्रती काढाव्यात. जेपीजी दर वेळी बदलून पुन्हा साठवली की थोडी माहिती गमावते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकारही कमी होतो. त्यामुळे कुटुंबाच्या गटावर आलेला फोटो म्हणजे मूळ प्रत, असे समजण्याची चूक आज घराघरांत होत आहे.

मोबाइलमधील स्कॅनर अ‍ॅप कागद पांढराशुभ्र आणि अक्षरे काळीभोर करून दाखवतात. बिल पाठवायला ते सोयीचे, जुन्या कागदासाठी घातक. ज्या फिकट पिवळसर छटा ते पुसून टाकतात, त्यांतच शिक्क्याचा ठसा, पाण्याची रेघ, खोडलेले अक्षर आणि मागच्या बाजूची शाई दडलेली असते. त्यापेक्षा मोबाइलचा साधा कॅमेरा उंचीवर स्थिर करून, खिडकीतल्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता आणि कडेला फूटपट्टी ठेवून घेतलेला फोटो कितीतरी चांगला. स्कॅनरच्या काचेवर ठिसूळ कागद दाबू नये, आणि लांब पत्रिका वरून, एकमेकांवर थोडे येतील अशा तुकड्यांत टिपाव्यात. दोन्ही बाजू टिपणे अटळ आहे, मागची बाजू कोरी असली तरी. मराठेशाहीतील लांब कागद तुकडे जोडून केलेला असे आणि जोडावर मागून मुद्रा उमटवली जाई, त्यामुळे मधला तुकडा बदलून फसवणूक करणे अवघड होई. ज्याने फक्त पुढची बाजू स्कॅन केली, त्याने अस्सलपणाचा पुरावाच टिपला नाही.

फायलीचे नाव ठेवण्याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते, आणि तिथेच सारा खटाटोप वाया जातो. कॅमेऱ्याने दिलेले नाव निरुपयोगी, आणि 'आजोबा' हे नाव तर दोन पिढ्यांनी दोन वेगळ्या माणसांना लागू पडणारे. गठ्ठ्याचा क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि बाजू एवढेच नावात घालावे आणि बाकीची माहिती एका तक्त्यात लिहावी. कागदाचा प्रकार, त्यातील नावे, गाव, कागद कोठे सापडला, फोटोत कोण आहे आणि हे कोणी सांगितले, अशी माहिती त्या तक्त्यात येते. अशा वर्णनाला मेटाडेटा, म्हणजे माहितीविषयीची माहिती, म्हणतात. फोटोतील व्यक्तींची ओळख देणारे ज्येष्ठ कुटुंबीय हयात असतील तर स्कॅनर विकत घेण्याआधी त्यांच्याकडून नावे लिहून घेणे अधिक निकडीचे ठरते, कारण स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळतो.

तारखेची नोंद स्वतंत्र काळजी मागते. शालिवाहन शकात साधारण ७८ मिळवले की इसवी सन येते, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजला जातो. मराठी दप्तरांत सर्वाधिक गोंधळ होतो तो सुहूर सनाचा. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, सुरू होते आणि आकडा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इसन्ने सितैन मया व अलफ' म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६२. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे लागतात, म्हणून हे वर्ष १७६१-६२ ठरते. मुसलमानी महिन्याच्या चंद्रतारखेपूर्वी 'छ' असे अक्षर येते. तक्त्यात तारीख जशी लिहिली आहे तशी एका रकान्यात आणि काढलेली इसवी तारीख दुसऱ्या रकान्यात लिहावी. फक्त इसवी सन लिहिला तर हिशेबातली चूक नंतर कोणालाच शोधता येत नाही.

वाचनाची अडचण मोडीपाशी येऊन थांबते. आधी पानभर शिरोरेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवत, शब्दांत जागा न सोडता लिहिण्याच्या पद्धतीमुळे मोडी वेगाने लिहिता येई, पण सवय नसलेल्या डोळ्याला एका ओळीत शब्द कोठे संपतो हेच समजत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळेतून आणि कचेरीतून गेली, आणि त्यानंतरच्या पिढ्यांना आपल्याच घरचे कागद परके झाले. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, त्यामुळे मोडी अक्षरे संगणकावर चित्र न करता मजकूर म्हणून लिहिणे शक्य झाले. २०२५ मध्ये रुरकी येथील आयआयटीतील संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी रूपांतर यांचा संच प्रसिद्ध करून यंत्राकडून लिप्यंतर करून घेण्याचा प्रयत्न मांडला. असे यंत्र पहिला मसुदा देऊ शकेल, पण खतपत्रात एका आकड्याने किंवा एका नावाने अर्थ बदलतो, म्हणून अशा कागदाचे अंतिम वाचन जाणकार माणसानेच करावे. मूळ प्रतिमा चांगली असेल तर ते वाचन आज झाले नाही तरी बिघडत नाही. प्रतिमा वाईट असेल तर भविष्यातील कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही.

घरच्या दप्तरातील पोकळ्या बाहेरच्या नोंदींनी भरता येतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या कुटुंबांची नावे, गावे आणि पिढ्या लिहिलेल्या असतात. हरिद्वारच्या अशाच वह्यांचे १९७० च्या दशकात अमेरिकेतील युटाच्या वंशावळी संस्थेने सूक्ष्मपटलांवर, म्हणजे मायक्रोफिल्मवर, छायाचित्रण केले. गोव्यातील पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ मध्ये झाली आणि तिथल्या पोर्तुगीज कागदांसोबत मोडी कागदही आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दस्तऐवजांमुळे तमिळनाडूत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचा मागोवा घेता येतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले, पण ते एकंदर कागदांच्या मानाने मूठभरच ठरतात. अशा नोंदींचा दुवा आपल्या तक्त्यात लिहिताना संस्थेचे नाव, रुमालाचा किंवा वहीचा क्रमांक आणि पान नोंदवणे विसरू नये.

डिजिटल प्रत कागदाइतकी सहनशील नसते. कागद पन्नास वर्षे पेटीत विसरला तरी उरतो, हार्ड डिस्क इतकी वर्षे विसरली तर बहुधा चालत नाही. घरच्या यंत्रांत लिहिलेल्या सीडींचे रंगद्रव्य दहा-पंधरा वर्षांत खराब झाल्याचे अनेकांनी अनुभवले आहे. त्यामुळे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, असा नियम मान्य आहे. फाइल न कळत बिघडली आहे का हे पाहण्यासाठी तपासणीचा आकडा, म्हणजे चेकसम, वापरतात. एसएचए-२५६ या पद्धतीत प्रत्येक फाइलपासून ६४ चिन्हांचा एक ठसा निघतो आणि फाइलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी ठसा वेगळा येतो. वर्षातून एकदा हे ठसे ताडून पाहावेत आणि पाच-सहा वर्षांनी सारा संग्रह नव्या डिस्कवर उतरवावा. क्लाउडवरचे खाते मेलेल्या माणसाच्या नावावर अडकून पडते, म्हणून पासवर्ड आणि वारस यांची तजवीज इच्छापत्रातच करावी. दप्तराचा वारस ठरवण्याची पद्धत जुन्या घराण्यांत होतीच.

वाटणीच्या वेळी दप्तरही वाटले जाते आणि थोरल्याकडे सनदा, धाकट्याकडे हिशेबाच्या वह्या अशी फाळणी होते. डिजिटल प्रत सर्वांना देता येत असल्याने मूळ दप्तर एके ठिकाणी अखंड ठेवण्यास आता सबळ कारण आहे. त्यातील सर्वच कागद सर्वांना दाखवावेत असे मात्र नाही. विधवेच्या अन्नवस्त्राचा तंटा, जातीबाहेर टाकल्याचा निवाडा, आजाराची आणि कर्जाची पत्रे यांत हयात माणसांची बेअब्रू होऊ शकते. असे कागद जाळण्याऐवजी 'अमुक सालापर्यंत बंद' असा शेरा मारून वेगळ्या पाकिटात ठेवण्याची अभिलेखागारांची रीत घरीही पाळता येते.

संस्थेला दप्तर देताना ते दान आहे की ठेव, प्रती काढण्याचा आणि छापण्याचा अधिकार कोणाचा, बंद कागदांची मुदत किती, आणि कुटुंबाला पाहण्याची मुभा राहील का, हे लेखी ठरवावे. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक, साहित्यिक, शास्त्रीय किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेले आणि किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरातन वस्तूच्या व्याख्येत येते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या नातवंडाने पणजोबांच्या मोडी सनदा सामानात घालून नेण्याआधी ही तरतूद पाहिली पाहिजे. टिफ प्रतींना ही अडचण नाही, त्या त्याच दिवशी पाठवता येतात.